चिंचेनं धुतलेले दिलरुबे

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो वरवंट्याच्या आवाजानं. घर कसलं, साताऱ्याच्या एका पेठेतल्या दोन खोल्या आणि मागं परडं. वडील पलटणीत, लढाईवर. त्यांचं पत्र आलं की पोस्टमन कोपऱ्यावरूनच हाक द्यायचा आणि आई पिठाचे हात तसेच धरून बाहेर धावायची. पुढच्या खोलीत खाणावळ. कोरेगाव, वाई, मेढ्याकडून शिकायला आलेली बारा-चौदा पोरं दोन्ही वेळा जेवायला यायची. भाकरी, आमटी, शेंगदाण्याची चटणी, गुरुवारी वांग्याचं भरीत. पोरं भाकरीचा तुकडा मोडताना आमटी कशी झालीय ते सांगायची आणि आई चुलीपुढूनच त्यांना उत्तर द्यायची. खर्डा वाटताना मात्र ती तोंडानं काही बोलत नसे, वरवंटाच बोलायचा. ती रागात असली की तो पाट्यावर आपटायचा, पत्र आलेलं असलं की नुसता घरंगळायचा. मी अंथरुणात पडल्या पडल्या ओळखायची, आज मार बसणार की गूळ मिळणार. आता माझी सून मिक्सर लावते. चटणी चांगली होते, नाही म्हणत नाही मी. पण त्या आवाजावरून सुनेच्या मनात काय आहे ते कळत नाही बघा.

या खाणावळीत एके दिवशी मास्तर जेवायला आले. मूळचे सांगलीचे. नाटक कंपनीत उमर गेली, पडद्यापुढच्या खड्ड्यात बसून व्हायोलिन आणि दिलरुबा वाजवायचे. मग बोलपट आले, कंपनी बसली, आणि मास्तर साताऱ्यात येऊन तेलाच्या दुकानावरच्या एका खोलीत पोरांना वाजवायला शिकवू लागले. पेटी आणि तबला शिकवणारे गावात होते, तारेचं वाद्य शिकवणारं कुणी नव्हतं. मास्तर म्हणायचे, "शहरातल्या पोरांना आगगाडीच्या शिट्टीचा आणि मोटारीच्या भोंग्याचा आवाज ओळखता येतो. त्यांना एकदा तारेचा आवाज ओळखता यायला हवा, मग पुढं ती काय ऐकायचं ते ऐकोत." सातारा म्हणजे त्यांच्या लेखी शहर होतं, आणि आमच्या लेखी तर होतंच. आईनं त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "मास्तर, जेवणाचं पैसं ऱ्हाऊ द्या. माजी यमी घ्या तुमच्या वर्गात. दिसभर खरकटी काढून हाताची सालटं गेल्यात पोरीची." मी तेव्हा बारा वर्षांची. शाळा चौथीला सुटलेली. दिलरुबा हे माणसाचं नाव की मिठाईचं, हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

तर दिलरुबा म्हणजे काय, ते सांगते, कारण आता तो फारसा कुठं दिसत नाही. लाकडाचा कोरलेला पेटीसारखा पोटाचा भाग, त्याच्या तोंडावर ताणून चिकटवलेलं बकऱ्याचं कातडं, वर लांब दांडी, दांडीवर सुरांच्या जागी बांधलेले पितळी पडदे, आणि वाजवायला घोड्याच्या शेपटीच्या केसांचा गज. कातड्यावर हस्तिदंती घोडी उभी असते, तिच्यावरून तारा जातात. मांडीवर उभा धरून खांद्याला टेकवायचा. मला पहिल्यांदा टेकवला तेव्हा तो माझ्यापेक्षा उंच निघाला. मास्तरांनी मिरजेच्या इमामचाचांना पत्र टाकलं. चाचांचा वाद्यांचा कारखाना होता, नाटक कंपनीपासूनची दोस्ती. दोन महिन्यांनी चाचा स्वतः पाच लहान दिलरुबे घेऊन आले, पोरांच्या मापाचे, हलके, तारा कमी ठेवलेले. त्यांनी मास्तरांना सांगितलं, "मास्तर, ही विकलेली न्हाईत, निस्ती दिल्यात. दिवाळीपातूर वर्ग उभा ऱ्हायला तर ठेवा, न्हाई तर माजी लेकरं माज्या घरी." पाच दिलरुबे, पाच पोरं. मी, शिंप्याची शेवंता, आणि पेठेतली तीन पोरं. शेवंता माझ्याच वयाची, तोंडानं तिखट. माझा सूर चुकला की म्हणायची, "यमे, आमटीला उकळी आली वाटतं."

वर्ग उभा राहायचा तर त्याला पाठीराखा हवा होता. तो सांगलीत सापडला. हळदीचे एक मोठे व्यापारी, सगळे त्यांना शेटजी म्हणायचे. त्यांनी तयारी दाखवली की सांगलीच्या थिएटरात वर्गाच्या मदतीसाठी एक जलसा करायचा, मोठे गवई फुकट गातील, तिकिटाचं जे येईल ते वर्गाचं, शिवाय वर्षभराची खोली शेटजींच्या खर्चानं. पण एक अट. शेटजी मास्तरांना म्हणाले होते, "तुम्ही वाजवता हे साऱ्या सांगलीला ठाऊक आहे. पोरं वाजवतात का, ते मला बघायचंय. पाची पोरं स्टेजवर बसून आपल्या हातानं वाजवतील तर वर्ग पुढं. एकही कमी पडलं तर मास्तर, आपला रामराम." जलसा दसऱ्यानंतरच्या रविवारी ठरला. लढाईमुळं रॉकेल मिळायची मारामार, म्हणून दुपारी. आम्ही पाच जण दोन महिने भूप रागातली एकच गत घोटत होतो. मला ती झोपेत यायची. पाट्यावर खोबरं वाटतानाही बोटं आपोआप हलायची.

आता माझ्या करणीकडं येते. इतकी वर्षं झाली, तरी लिहिताना हात थांबतोय.

नवरात्रात तेलवाल्यानं आमच्या वर्गाच्या खोलीत डबे भरून ठेवले, म्हणून पाची दिलरुबे आमच्या घरी माळ्यावर होते. खंडेनवमी आली. आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पुजायची. शेतकऱ्याचा कोयता, सुताराचा रंधा, शिंप्याची कात्री, ज्याच्यावर पोट चालतं ते त्या दिवशी देव. आमची विळी, झारा, उलथनं, पाटा-वरवंटा. सगळं चिंचेच्या कोळात राख घालून घासायचं, लखलखीत धुवायचं, उन्हात वाळवायचं, मग हळद-कुंकू आणि झेंडू. एकदा पूजेत बसवलं की दुसऱ्या दिवशी सोनं लुटेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. पोरं सुट्टीला गावी गेलेली, खाणावळ बंद. आई सकाळी बाजाराला गेली, फुलं आणायला. मला म्हणाली, "यमे, हत्यारं धुऊन ठीव." मी विळी धुतली, झारा धुतला. मग माझ्या मनात आलं, माझं हत्यार कुठलं? मी काही आता नुसती खरकटी काढणारी नाही. माझं हत्यार माळ्यावर आहे. आणि माझं एकटीचंच कशाला, बिचाऱ्या शेवंतेचंही धुवावं, सगळ्यांचंच धुवावं.

मी पाची दिलरुबे खाली काढले. दोन महिन्यांत पोरांच्या हातांचा मळ बसून कातडी काळपट झाली होती. मी कोळात फडकं बुडवलं आणि कातडी घासली. पितळेचा तांब्या घासतात तशी, नेटानं, गोल गोल. वरून तांब्यानं पाणी ओतलं. कातडी खरंच पांढरीशुभ्र झाली हो! मला इतका आनंद झाला की मी स्वतःशी गात होते. मग पाचीच्या पाची परड्यात, भर उन्हात, भिंतीला ओळीनं टेकवून ठेवले आणि आत जाऊन पुरणाची डाळ निवडायला बसले.

थोड्या वेळानं परड्यात टक् असा आवाज झाला. मला वाटलं, कावळ्यानं काही टाकलं. पुन्हा टक्. मग पाठोपाठ आणखी दोन. मी बाहेर गेले तेव्हा पाचवा माझ्या डोळ्यांदेखत गेला. ओलं कातडं उन्हानं असं काही आवळलं होतं की दोन मधोमध फाटले होते आणि तीन कडेनं सरस सोडून वर उचलले होते, उकळत्या दुधावरची साय उचलते तसे. घोड्या मातीत पडलेल्या. तारा लोंबत होत्या.

त्या दिवशी मास्तर आमच्याकडं सणाचं जेवायला यायचे होते. ते आणि आई एकाच वेळी दारात आले. मास्तरांनी परड्यात पाहिलं. एकेक दिलरुबा उचलून, बोटानं फाटकी कड चाचपून, पुन्हा होता तसा ठेवला. मग उंबऱ्यावर बसले. आईनं माझ्या हातांकडं बघितलं, बोटांना अजून चिंच चिकटलेली होती. मी माराची वाट पाहत उभी. ती म्हणाली, "आदी हात धू."

मास्तर म्हणाले, "वहिनी, मी शेटजींना तार करतो. मुलं वाजवणार नाहीत म्हणून कळवतो. उगाच लोकांना आशेला लावण्यात अर्थ नाही."

मी म्हणाले, "तार करू नका."

"अगं, रविवार चार दिवसांवर आलाय. कातडं मढवून ते वाळायला तीन दिवस लागतात. आणि हे काम साताऱ्यात कुणाला येतं?"

"इमामचाचांना येतं. मी जाते मिरजेला."

मास्तर हसले, पण वाईट हसले. "तू जातेस! मिरज काय परड्यात आहे?"

आईनं फुलांची पाटी खाली ठेवली. "मास्तर," ती म्हणाली, "तुमी आदी जेवून घ्या. तार तुमच्या हातात हाय, ती शुक्रवारीबी करता येईल. उद्या पहाटंच्या मोटारीनं मी हिला घिऊन मिरजंला जाती. वाद्यं हिनं मोडल्यात, निस्तरायला हिनंच जायाला पायजे. तुमी बाकीच्या चौघांना हितं घोटवा."

"कशावर घोटवू, वहिनी? वाद्यं तर ही अशी."

"काठीवर घोटवा. लगीन ठरल्यावर पोरी पीठ हातात यायच्या आदी हवेतच भाकरी थापत्यात, तसं."

आणि खरंच मास्तरांनी तेच केलं. कळकाच्या चार काठ्या, त्यांवर कोळशानं पडद्यांच्या खुणा, पोरांनी तोंडानं सूर म्हणायचे आणि बोटं काठीवरून फिरवायची. शेवंतेनं नंतर मला ऐकवलंच, "तुज्यामुळं दोन दिस बांबू वाजवला बया, सगळी पेठ दात काढत होती."

दसऱ्याच्या पहाटे आम्ही निघालो. तेव्हा मोटारी कोळशाच्या धुरावर चालायच्या. चढ आला की उतारू उतरून मागनं ढकलायचे. सातारा रोड स्टेशन गावापासून लांब, तिथं पोचेपर्यंत आमची तोंडं काळी. पाची दिलरुबे आईनं गोधडीत गुंडाळून लेकराला घेतात तसे मांडीवर घेतले होते. गाडीत एका बाईनं विचारलं, "आजारी हाय का वो पोर?" आई म्हणाली, "पाच हायती. पाचीबी आजारी." कराड गेलं, कृष्णा दिसली, दशम्या आणि लसणाची चटणी सोडली, पण मला घास गिळेना. आईनं जबरदस्तीनं भरवलं. "उपाशी हातानं काम हुईत न्हाई," म्हणाली. गाडी मिरजेला टेकली तेव्हा दुपार कलली होती.

चाचांचा कारखाना म्हणजे लांबट पडवी. छताला भोपळे टांगलेले, तंबोऱ्याचे, कोंबडीच्या खुराड्याएवढे मोठाले. लाकडाच्या भुशाचा आणि सरसाचा वास. आणि भिंतीशी पाटावर मांडलेली सगळी हत्यारं, पटाशा, कानशी, रंधे, त्यांवर झेंडू. कारखान्यात निम्मे कारागीर हिंदू, निम्मे मुसलमान, आणि खंडेनवमीला सगळ्यांची हत्यारं एका पाटावर, अशी तिथली रीत. चाचांनी गोधडी उलगडून पाहिली. आधी त्यांना वाटलं, उंदरांनी खाल्ली. मी खरं ते सांगितलं. चिंच, राख, तांब्यानं पाणी, ऊन. पडवीतले दोन कारागीर हसायला लागले. चाचा हसले नाहीत.

"बेटी," ते म्हणाले, "पटाशी धुतलीस तर पटाशीच ऱ्हाती. ह्ये कातडं हाय. ह्येला पाणी दावलं की ह्ये पुन्यांदा बकरं व्हतंय, आन् ऊन दावलं की पळून जातंय."

"मढवाल का?" मी विचारलं.

"मढवीन. पन आज न्हाई. हत्यारं पूजंत हायती. सोनं लुटल्याबिगर हात लावायचा न्हाई. माज्या बापानं कवा लावला न्हाई."

मी आईकडं पाहिलं. ती वाद घालील असं मला वाटलं होतं. पण ती पडवीच्या कडेला पदर सावरून बसली. "रीत ती रीत," म्हणाली. "बसू की." आणि आम्ही बसलो. चाचांच्या घरातून शेवया आल्या, दुधातल्या. आईनं आमच्या गाठोड्यातले कंदी पेढे आत पाठवले. उन्हं उतरली तशी मी उठले, कोपऱ्यावरच्या बाईकडून आपट्याची दोन पानं घेतली, आणि चाचांच्या पुढं जाऊन उभी राहिले. "चाचा, सोनं घ्या." अख्ख्या कारखान्यात पहिलं सोनं माझं. त्यांनी पान कपाळाला लावलं, टोपीत खोचलं, पाटाला हात जोडले आणि पहिली पटाशी उचलली. "बाई," ते आईला म्हणाले, "ही पोरगी लय चिवट हाय."

"माजीच हाय," आई म्हणाली.

कातडी रात्रभर भिजत पडली आणि शुक्रवारी सकाळी मढवायला घेतली. आणि तिथं आणखी एक अडचण निघाली. पातळ कातडी, लहान वाद्यांना लागतात तशी, कारखान्यात चारच होती. पाचवं जाड निघालं, एका मोठ्या सारंगीसाठी ठेवलेलं. चाचांनी ते माझ्यापुढं टाकलं. "ह्ये जाड. रविवारपातूर वाळंल का न्हाई, मी सांगणार न्हाई. आन् ह्ये तू मढवायचं. धुतलंस तू, मढवायचं बी तू." त्यांनी शेजारी बसून मला शिकवलं. सरस कढवायचा, पण उकळू द्यायचा नाही. कातडं चारी बाजूंनी सारखं ओढायचं, एका अंगाला जास्त ओढलं की आवाज तिकडं पळतो. कड अंगठ्यानं दाबत जायची, मधे थांबायचं नाही. माझे अंगठे भाजले. दुपारी चाचांनी माझं काम बोटानं वाजवून पाहिलं, आणि नुसतं "हूं" म्हणाले. मग पाची दिलरुबे त्यांनी सावलीत, छताला, भोपळ्यांच्या शेजारी टांगले. "उनात न्हाई," ते माझ्याकडं बघत म्हणाले, "सावलीत." ते दोन दिवस मी त्या छताखाली बसून होते. वारा आला की मला बरं वाटायचं, ढग आला की उठून कातड्याला बोट लावून बघायची. आई चाचांच्या घरच्या बायकांना भरल्या वांग्याचा मसाला शिकवत होती आणि अधूनमधून येऊन मला विचारायची, "वाळलं का गं?" शुक्रवारी संध्याकाळी चाचांनी मास्तरांना तार केली. त्यात दोनच गोष्टी होत्या, पोरांना घेऊन या आणि वाद्यं मिळतील.

शनिवारी मास्तर चौघांना घेऊन आले. चार दिलरुबे वाजले, खणखणीत. माझा वाजेना. म्हणजे वाजे, पण तार ताणली की ओलसर कातडं घोडीखाली दबे आणि सूर खाली घसरे. पुन्हा ताणली, पुन्हा घसरला. रविवारी दुपारी सांगलीच्या थिएटरात आम्ही पडद्यामागं बसलो तरी तेच. बाहेर माणसांचा आवाज वाढत चाललेला, खुर्च्या ओढल्याचा, पोरांच्या रडण्याचा. पहिल्या रांगेत शेटजी, पडद्याच्या फटीतून मी त्यांना पाहिलं, पांढरं उपरणं, मांडीवर काठी.

मास्तरांनी माझा दिलरुबा खाली ठेवला आणि माझ्यापुढं उकिडवे बसले. "यमू, ऐक. कंपनीत एखादा वादक आजारी पडला की आम्ही कुणालाही बसवायचो. फक्त त्याच्या गजाला राळ लावायची नाही. राळ नसली की गज तारेवरून नुसता सरकतो, आवाज निघत नाही. लोकांना पाच गज हलताना दिसतात, ऐकू चारच येतात. कुणाला कळत नाही. तू तशी बस. गत तुला येते, हात बरोबर चालतील. वर्ग वाचेल."

शेवंता लगेच म्हणाली, "ऐक गं. एवढं कुनाला कळतंय?"

खरं सांगते, क्षणभर माझ्या मनात आलं, बसावं. वर्ग वाचणार होता. पण मग मला माझे अंगठे दिसले, भाजून टरारलेले. मी उठले, मास्तरांच्या पेटीतला राळेचा खडा घेतला आणि त्यांच्यासमोर माझ्या गजाला लावायला लागले. वर-खाली, वर-खाली. "शेटजींनी पाची जणांनी वाजवायचं म्हणून सांगितलंय," मी म्हणाले. "मी वाजवणार. माझा सूर खाली आहे, पण तो सूर आहे."

मास्तर माझ्याकडं बघत राहिले. नाटकातला माणूस, त्याला अशी वाक्यं पाठ असतात, पण पोरीच्या तोंडून ऐकायची सवय नसते. "अगं, खाली आहे म्हणजे दीड सूर खाली आहे," ते म्हणाले, "बाकीच्या चौघांशी कसा जुळणार?"

"तो वर येत न्हाई," मागनं चाचा म्हणाले. ते कधी येऊन उभे राहिले होते, कळलंच नाही. "पन बाकीचं चार खाली येतील की, मास्तर. आमाला उतरायला काय जातंय?"

पडदा उघडला तेव्हा आम्ही पाच जण ओळीत बसलेलो आणि मास्तर व चाचा आमच्या खुंट्या पिळत होते. चार वाद्यं, त्यांच्या सगळ्या तारा, माझ्या एका वाद्याच्या सुरापर्यंत खाली आणायच्या. इतका वेळ लागला की मागच्या रांगेतनं कुणी ओरडलं, "आवं मास्तर, वाजवणार हाय का दळण दळणार हाय?" हशा पिकला. शेवंतेचे कान लाल झाले. चाचांनी मान वर करून त्या दिशेला एकदाच पाहिलं आणि पुन्हा खुंटीला लागले. मग ते विंगेत गेले, मास्तरांनी हातानं ठेका धरला, आणि आम्ही गज ओढला.

काय सांगू? मला पुढचं सगळं आठवत नाही. एवढं आठवतं, की आवाज नेहमीसारखा नव्हता. पोरांची वाद्यं चिमणीसारखी बोलतात, ही बाप्या माणसासारखी बोलत होती. खाली, दाट. मी शेवंतेकडं पाहिलं, तिनं डोळे मिटले होते, काठीवर वाजवताना मिटायची तसे. दुसऱ्या आवर्तनात एका पोराचा गज अडखळला आणि पुन्हा लागला. माझ्या कातड्याला घोडीखाली खळगा पडत चाललेला मला दिसत होता, आणि मी मनात म्हणत होते, थोडा वेळ, एवढी गत होऊ दे, मग फाट. ते फाटलं नाही.

जलसा संपल्यावर शेटजी स्टेजवर आले. मास्तरांना म्हणाले, "वाजवलं, पाची जणांनी वाजवलं. मी बोटं बघत होतो सगळ्यांची. पण सूर एवढा खाली का हो? मला गाण्यातलं कळत नाही, पण तुमचं वाजवणं मी पंचवीस वर्षं ऐकतोय."

मास्तर काही बोलायच्या आत मी पुढं झाले. "माझ्यामुळं. खंडेनवमीला मी पाची वाद्यं चिंचेनं धुतली, कातडी फाटली. चार चाचांनी मढवली, हे मी मढवलं. ते वाळलं नाही म्हणून सगळ्यांना खाली यावं लागलं."

शेटजींनी माझा दिलरुबा उचलला. कातड्याच्या कडेला सरसात माझ्या अंगठ्याचे ठसे दिसत होते, ओळीनं. "चिंचेनं!" ते म्हणाले, आणि इतके हसले की उपरणं खांद्यावरून घसरलं. मग मला म्हणाले, "मोडलं तूच आणि मढवलंही तूच?"

"व्हय," मी म्हणाले. घाबरलं की माझ्या तोंडी घरचीच बोली यायची.

"मग बरं झालं की, मास्तर. आता दुरुस्तीला मिरजेपर्यंत यायला नको तुम्हाला. खोली साताऱ्यात बघा. तेलाच्या डब्यांची नको, चांगली बघा." चाचांकडं वळून त्यांनी विचारलं, "आणि ही वाद्यं?"

चाचांनी टोपीतलं सुकलेलं आपट्याचं पान चाचपलं. "माजी चार हायती," ते म्हणाले, "ऱ्हाऊ देत वर्गात. पाचवं माजं न्हाई, तिचं हाय."

तो वर्ग पुढं मास्तरांनी चालवला, त्यांच्यामागं मी. खोल्या तीन वेळा बदलल्या. खंडेनवमीला पोरं वाद्यं घेऊन येतात, मी कोरडं फूल वाहते, आणि हळद-कुंकूसुद्धा लाकडाला लावते, कातड्याला नाही. नवं पोर आलं की पहिला दिलरुबा त्याच्या हातात मी तोच देते, अंगठ्यांच्या ठशांचा. तो तेव्हापासून खालीच बोलतो. पुढं कातडं वाळलं, तरी चाचांनी त्याचा सूर वर चढवला नाही, आणि मीही नाही. आता वर्गात अठरा वाद्यं आहेत, आणि संध्याकाळी वर्ग भरला की आधी तो एक वाजतो, मग बाकीची सतरा त्याच्या सुराला खाली उतरतात. बाहेरगावचा कुणी वादक कधी येतो आणि विचारतो, "बाई, तुमच्या वर्गाचा सूर एवढा खाली का?"

मी म्हणते, "चिंच."